मुलाच्या वाट्याची पायवाट

गावाच्या बसथांब्यावर पायवाटांचा नकाशा रंगवलेला होता. निळी वाट तळ्याभोवती फिरायची, पिवळी डोंगराच्या धारेवरून पलीकडच्या गावात उतरायची आणि लाल वाट खिंडीतल्या देवळापर्यंत जायची. भूकंपाच्या आधी सुट्टीच्या दिवशी शहरातले लोक पाठीवर सॅक घेऊन इथे उतरत, या नकाशासमोर उभे राहून फोटो काढत आणि संध्याकाळच्या बसने परत जात. आम्ही नकाशा पाहिला तेव्हा निळ्या आणि पिवळ्या वाटेवर ‘बंद’ अशा कागदी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या.

गाव फुकुशिमा प्रांतात, डोंगरात. इथून समुद्र दिसत नाही आणि त्सुनामीचं पाणी इथपर्यंत आलं नव्हतं. अणुवीज केंद्रातून जे निघालं ते वाऱ्याबरोबर आलं आणि गाव रिकामं करण्यात आलं. काही वर्षांनी परतायची परवानगी मिळाली. परतले ते बहुतेक सत्तरीच्या पुढचे. तोवर घरांची छपरं धुऊन झाली होती, अंगणातली वरची माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली होती. घरांमागचं जंगल मात्र होतं तसंच होतं. लाल वाटेच्या तोंडाशी पाटी होती: रानभाज्या आणि अळंबी तोडू नयेत.

माझा नवरा क्योतोतल्या विद्यापीठात मातीवर संशोधन करत होता. त्याच्या गटाला लाल वाटेच्या कडेच्या मातीचे नमुने हवे होते, म्हणून दर शरद ऋतूत आम्ही या गावात जात असू. राहायला हॉटेल नव्हतं. गावप्रमुखांनी आमची सोय एका बाईंच्या घरी केली. बाई ऐंशीच्या आसपासच्या, नवरा गेलेला, घरात एकट्या. माझ्या नवऱ्याला त्या ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणत. मला ‘ओकुसान’ म्हणत; आपल्याकडच्या ‘वहिनी’पेक्षा जरा जास्त अदबीचं.

त्यांना एकच मुलगा. लग्नानंतर त्याने आईच्या घराला लागून वेगळं घर बांधलं होतं. भूकंपानंतर तो बायको-मुलाला घेऊन योकोहामाला गेला आणि तिथेच नोकरी धरली. सून आणि नातू त्यानंतर गावात आले नव्हते. “सुनेचं काही चुकत नाही,” बाई म्हणाल्या. “लहान मूल आहे. तिच्या जागी मी असते तर मीही आणलं नसतं.” मुलगा वर्षातून एक दिवस यायचा, वाटसफाईच्या दिवशी.

वाटसफाई ही गावाची जुनी पद्धत. शरदातल्या एका रविवारी प्रत्येक घरातून एक माणूस विळा घेऊन वाटेवर येतो. वाटेचे तुकडे घरांमध्ये वाटलेले आहेत. अमक्याचा तुकडा दगडी मूर्तीपासून ओढ्यापर्यंत, तमक्याचा ओढ्यापासून सीडरच्या मोठ्या झाडापर्यंत. आपला तुकडा आपण कापायचा. दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. एखादं घर कायमचं बंद होणार असेल, तर त्या घराने तसं प्रमुखांना कळवायचं, मग त्याचा तुकडा गावाकडे जातो. न कळवता गेलेल्या घरांचे तुकडे तसेच राहतात. त्यामुळे परतीनंतरच्या त्या वर्षांत लाल वाट काही अंतर झाडून काढल्यासारखी स्वच्छ असायची, मग छातीपर्यंत वाढलेल्या बुटक्या जातीच्या बांबूत गडप व्हायची, आणि पुढे पुन्हा स्वच्छ निघायची. शहरातून आलेल्या एखाद्याला वाटावं, काम अर्धवट टाकून लोक जेवायला गेले आहेत.

पहिल्या वर्षी मी मुलाला पाहिलं. चाळिशीचा, थोडा पुढे झुकलेला माणूस. सकाळच्या बसने आला, दारातच बूट बदलले आणि कोपऱ्यातला विळा उचलून अंगठ्याने पारखला.

“धार कोणी लावली?”

“मी.”

“बोट गेलं असतं.”

“तुझ्या विळ्याने? लोण्यावर चालत नव्हता तो.” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “ओकुसान, दुपारी वर जाऊन बघा. गावातली सगळ्यात वाकडीतिकडी कापणी कुठे दिसली, की समजा याचा तुकडा.”

“बाबांनी शिकवलं तसंच कापतो.”

“ते याहून वाकडं कापायचे.”

दोघे वर गेले. आईचा तुकडा ओढ्याच्या खाली, मुलाचा वर. दुपारी परतून त्यांनी लाल घेवडा घातलेला भात खाल्ला, टीव्ही पाहिला, फारसं बोलले नाहीत. संध्याकाळच्या बसने तो गेला. बस वळणापलीकडे गेल्यावर बाई विळा पुसून जागेवर ठेवायला आत गेल्या.

पुढच्या वर्षी नवऱ्याबरोबर तीन विद्यार्थी आले. क्योतोत पीएचडी करणारे, तिघेही पुण्याकडचे, दोन मुलगे आणि एक मुलगी. पुण्यात असताना त्यांचे रविवार किल्ल्यांवर जात. टाक्यांतला गाळ काढणं, तटावरची झुडपं तोडणं, ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या करणं. वाटसफाईचं ऐकल्यावर मुलगी म्हणाली होती, “म्हणजे श्रमदानच की. चला.” नमुने घेऊन झाल्यावर, सफाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, प्रमुखांनी त्यांना एका बंद घराचा गावाकडे आलेला तुकडा दिला. हात करून दाखवलं: या दगडापासून त्या झाडापर्यंत.

मी घरी बाईंबरोबर मुळा किसत होते. उद्यासाठी घेवडा भिजत घातलेला होता. तिघे परतले तेव्हा दुपार उतरत होती. केसांत पानं, हातांवर ओरखडे, तिघेही हसत होते. त्यांतल्या एकाचं जपानी चांगलं होतं. तो दारातूनच म्हणाला, “आजी, देवळापर्यंत वाट मोकळी!”

बाईंनी किसणी खाली ठेवली. “ओढ्याच्या वरपण?”

“वरपण. एक काडी ठेवली नाही.”

त्या गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही हात चटईवर टेकून त्यांनी तिघांचे आभार मानले, मग पुन्हा एकदा मानले. न्हाणीत पाणी तापत ठेवलं. नंतर त्या फोनजवळ गेल्या.

त्यांचं बोलणं मला कळण्याइतकं सोपं होतं. “उद्याचं... नाही, झालंय. भारतातली मुलं आहेत, सेन्सेईंची. हो, तुझाही झाला. हो, सगळा.” मग बराच वेळ पलीकडचा आवाज. “सांगते त्यांना.”

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, “त्याने आभार सांगितलेत. मोठी मदत झाली म्हणाला. ऑफिसचं काम साचलं होतं.”

“पण उद्या येतील ना?”

“कशाला येईल? काम झालंय.”

“झालंय हे सांगितलंच नसतं तर?”

“मग इथे येऊन कापलं काय असतं त्याने?”

घेवड्याचा भात त्यांनी त्याच संध्याकाळी केला. मुलांना दमणुकीची भूक होती, त्यांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतला. जेवण झाल्यावर बाई न्हाणीकडे गेल्या तेव्हा नवऱ्याने मराठीत तिघांना सगळं समजावून सांगितलं.

“सर, कोणीतरी सांगायचं ना,” एक मुलगा म्हणाला.

“सांगितलं होतं. दगड ते झाड.”

“आम्हाला वाटलं, पाहुणे म्हणून तेवढंच म्हणतायत,” मुलगी म्हणाली. “आपल्याकडे नाही का, राहू दे राहू दे करतात. आणि वर इतकं रान माजलं होतं. म्हटलं, आजींना कुठे झेपणार.”

“उद्या फोन करून माफी मागू का?” दुसऱ्याने विचारलं.

“कसली मागणार?” नवरा म्हणाला. “तो खूश आहे.”

रविवारी गावातल्या म्हाताऱ्यांनी खालचे, उरलेले आपापले तुकडे कापले आणि मग सगळे देवळापर्यंत जाऊन आले. मुलाच्या तुकड्यातून जाताना प्रत्येक जण क्षणभर थांबे, दोन्हीकडे बघे आणि पुढे जाई. तिघांनी कापणी फार सरळ केली होती.

त्यानंतरच्या वर्षी तिघेही पुन्हा आले. मुलगी म्हणाली, “या वेळी वरच्या तुकड्याकडे बघायचंसुद्धा नाही.” वर्षभरात बांबू पुन्हा कमरेपर्यंत आला होता. बाईंनी मुलाचा विळा काढून धार लावली होती. सफाईच्या आदल्या दिवशी, सकाळचा चहा होत असताना, त्यांनी योकोहामाला फोन लावला. आम्ही सगळे त्याच खोलीत बसलो होतो.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाईंनी समोर बसलेल्या तिघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “नाही. या वर्षी नाही आली ती मुलं.”

आमच्यातल्या कोणी कप उचलला नाही. पलीकडचा आवाज थोडा वेळ चालला, थांबला, पुन्हा चालला. बाई मध्येमध्ये ‘हो’ म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, “नीट जेवत जा,” आणि फोन ठेवला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“मग राहू दे म्हणाला. देवळापर्यंत जातंय कोण.” त्यांनी आपला चहा जवळ ओढला, पण प्यायल्या नाहीत. “त्याचं घर पाडायला देतोय. तुकडा गावाला परत केला, असं प्रमुखांना सांग म्हणाला.”

मुलीला पुरतं कळलं नव्हतं. तिने शेजारच्याला हलकेच विचारलं, त्याने तितक्याच हलक्या आवाजात सांगितलं.

“दुपारनंतर पाऊस आहे,” बाई तिघांना म्हणाल्या. “आत्ताच जाऊन या. ओढ्याच्या वरचा.”

“आजी, नको,” मुलगी मोडक्या जपानीत म्हणाली. “पुढच्या वर्षी येतील ते.”

बाईंनी कोपऱ्यातून विळे आणले आणि तिघांच्या पुढ्यात ठेवले, मुलाचाही. मग अंगात कोट चढवला, चपला घातल्या आणि प्रमुखांच्या घरी सांगायला गेल्या.