कॅपिटल एसचे साडू

नावाला माझ्या साडूंइतका जपणारा माणूस उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत सापडायचा नाही, आणि नेमकं त्यांचंच नाव आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं. दोष माझा. त्यांना कॉम्प्युटर सांभाळायच्या कामाला लावताना मी साहेबांना म्हणालो, "हे आमचे साडू," आणि त्या दिवसापासून ते वॉचमनचेही साडू झाले. त्यांनी रागाने म्हणा, हौसेने म्हणा, डेटाबेसमध्ये स्वतःचं लॉगिनही तेच ठेवलं. फक्त एस कॅपिटल.

डेटाबेसच्या दारात नाव आणि गाव दोन्ही विचारतात. गाव म्हणजे तुम्ही ज्या कॉम्प्युटरवरून आलात तो. साडूंनी कॉम्प्युटरांना कात्रप, पालेगाव, सोनिवली अशी आसपासच्या गावांची नावं दिली होती. "गाव कसंही लिहा, कॅपिटल, स्मॉल, गाव रागवत नाही. माणसाच्या नावात एक अक्षर खाली-वर झालं की तो माणूसच दुसरा!" स्टोअरमधल्या मॅडम उल्हासनगरच्या. त्या ओरडायच्या, "साडूजी, पासवर्ड सही है, फिर भी घुसने नहीं देता!" हे चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "मॅडम, नाम छोटा लिखा आपने. खुद को छोटा क्यों समझती हो?" एकदा पत्रिकेच्या पाकिटावर इंग्रजीत नाव सगळं स्मॉलमध्ये पडलं, तर पाकीट माझ्याच हातात परत. "हे माझं नाही, दिलीपराव." लग्न माझ्या मुलीचं होतं. आले मात्र सगळ्यांच्या आधी.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. साहेब म्हणाले, "तुमच्या साडूंचं लॉगिन उडवा आजच." मी बसलो आणि, आता सांगूनच टाकतो, मुद्दाम एस स्मॉल टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, असा कुणी नाही. मीही साहेबांना तेच सांगितलं.

संध्याकाळी साडूंचा फोन. "उडवलंत?"

"सापडलं नाही."

"एस कुठला टाकलात?"

"स्मॉल."

"एवढं शिकवलं, सगळं पाण्यात! उद्या काढा. गेलेल्या माणसाचं लॉगिन उघडं ठेवू नये. पण जाताना तरी नाव नीट लिहा, दिलीपराव."

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या बटणावर बोट ठेवलं, एस मोठा पडला, आणि साडू गेले. लगेच त्यांना फोन लावला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली.

पलीकडून अगदी अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"