भोंग्यानं सांगितलेली उत्तरं

वरवंडच्या मैदानावर शाळकरी मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता, शिरूर विरुद्ध दौंड. समालोचन माझ्याकडे. माईक हातात आला की मी गप्प बसत नाही. आमच्याकडे समालोचक क्षणभर थांबला, तरी लोकांना वाटतं लाईट गेली.

यंदा आयोजकांनी नियमांचा नवा कागद वाटला होता. खेळाडूच्या डोक्याला मार लागला तर तिला लगेच बाहेर घ्यायचं, काही सोपे प्रश्न विचारायचे आणि नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. हा कागद मी माईकवरून दोनदा वाचला, युद्धाची घोषणा करावी तशा आवाजात. एक मात्र मला कळलं नव्हतं: शंका नेमकी कोणाला यायला हवी?

गुण वीस-वीस. चढाईला शिरूरकडून माझी भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी. तिनं झेप घेतली, घोटा पकडला गेला, आणि पडताना तिचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं. मी ओरडलो, "आली, आली, वाघीण परत आली!" वाघीण तिथंच बसून हसत होती.

तिचे सर कागद घेऊन धावले. तिला उठवून माझ्या टेबलासमोर बसवलं.

"आपण कुठं हाय गं?"

"वरवंडच्या या रणभूमीवर..." माझं चालूच होतं.

"वरवंड," ती म्हणाली.

"डाव कितवा?"

"दुसऱ्या डावाची शेवटची मिनिटं, मंडळी!"

"दुसरा."

"गुण?"

"शिरूर एकवीस, दौंड वीस!"

"आपले एकवीस, त्यांचे वीस."

सरांनी खुशीत कागदाची घडी घातली. "पोरगी ठणठणीत हाय. उतरवा."

तेवढ्यात पंच माझ्याकडे आले. "मामा, तिची पकड झाली. गुण दौंडला. तुमचंबी डोकं आपटलं का काय?"

लोक हसले, मीही हसलो. फलकावर खरंच दौंडचे एकवीस होते. पण मग माझी चूक हिच्या तोंडी कशी? पंचांकडं पाहिलं, भाचीकडं पाहिलं, शेवटी हातातल्या माईककडं पाहिलं. आणि तो बंद केला.

"लाईट गेली व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"सर, आता इचारा," मी म्हणालो. "सकाळच्या सामन्यात कुणासंगं खेळलो?"

सरांनी विचारलं. ती मान वर करून खांबावरच्या भोंग्याकडं बघत राहिली. भोंगा गप्प. मग ती माझ्याकडं वळली.

"मामा, सांगा की."

सरांनी कागदाची घडी पुन्हा उघडली. "बस बाहेर, बाळा."

"मामा, तुम्ही दौंडचे हाय का?" ती रडत म्हणाली.

माईक टेबलावर तसाच टाकून मी तिला आणि सामना बघायला आलेल्या माझ्या बहिणीला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासलं. डोक्याला धक्का बसलाय, म्हणाले. "मी सांगेपर्यंत खेळ बंद." मग त्यांनी तिला विचारलं, "सामना कोणाशी होता?"

मी तोंड उघडलं. बहिणीनं त्यावर हात दाबला. "तू गप रं!"



"दौंडशी," भाची म्हणाली. "जिंकलं कोण?"

 ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.