मडक्यातल्या मरळी

माझी माय पस्तीसेक वर्षं सावली गावच्या आठवडी बाजारात मासे विकत होती. मागच्या हिवाळ्यात तिला लकवा झाला. उजवा हात आणि पाय गेला, त्यासोबत बोलणंही गेलं. मी तिला चंद्रपूरला माझ्याकडे आणलं. मी इथल्या एका वर्तमानपत्रात काम करतो. दोन खोल्यांपैकी पुढची खोली तिला दिली.

बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. चेंडू, चमचा, केळं अशी चित्रं त्या दाखवायच्या. माय चित्रांकडे पाहायची आणि तोंड मिटून घ्यायची. त्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं की पहिल्या सहा महिन्यांत जे बोलणं परत येतं तेच बहुधा टिकतं. तिला ज्याच्यात रस असेल ते समोर ठेवा. नाहीतर ती गप्प राहायला शिकेल.

महिन्याभराने सावलीहून मावसभाऊ आला. येताना मातीच्या मडक्यात एक जिवंत मरळ घेऊन आला, खालच्या जबड्यावर गळाचा जुना पांढरा व्रण असलेली. अशक्त माणसाला मरळ खाऊ घालतात. बायकोने विळी काढली तेव्हा माय म्हणाली, "नको. ठेव तिले."

दवाखान्यातून आणल्यापासून तिने एका वेळी तीन शब्द बोललेले आम्ही ऐकले नव्हते. मी त्याच संध्याकाळी चार फुटी काचेची टाकी घेतली आणि तिच्या खाटेसमोर मांडली. मरळ उडी मारते म्हणून झाकणावर दोन विटा ठेवल्या.

पहिले दहा-बारा दिवस माय बोलत राहिली. मरळ हवा घ्यायला वर आली की "आली" म्हणायची. झिंगे टाकले की "हळू टाक, घाबरते" म्हणायची. मग मरळ मागच्या दगडामागे जाऊन बसली आणि हलेनाशी झाली. मायही तिच्यासोबत गप्प झाली. चौथ्या दिवशी तिने मला बोटाने जवळ बोलावलं.

"एकटी हाये," ती म्हणाली. "सोबत आण."

मत्स्यालयाच्या वस्तू विकणारं दुकान बाजारात एका गल्लीत आहे. दुकानदार तिशीचा, बोलायला मोकळा. मरळ म्हटल्यावर हसला.

"साहेब, लोक मरळ खातेत, तुम्ही पाळून राह्यले. एकच नियम ध्यानात ठेवा. तोंडात मावलं ते जेवण, नाई मावलं ते पार्टनर."

त्याने बाकीचे नियमही सांगितले. दोन्ही मासे सारख्या लांबीचे हवेत. जुन्या माशाची जागा ठरलेली असते, म्हणून नवा सोडण्याआधी सगळे दगड हलवायचे, म्हणजे जागा कोणाचीच राहत नाही. पोट भरलेलं असताना सोडायचे. नवा मासा एकच आणला तर सगळा मार त्यालाच बसतो, म्हणून दोन आणायचे. लाल शेपटीचा मोठा कॅटफिश त्याने दाखवला आणि स्वतःच नको म्हणाला, कारण तो वर्षभरात टाकीएवढा होतो. शेवटी मरळीच्या मापाचे ऑस्कर जातीचे दोन विदेशी मासे दिले. "पण टाकी सहा फुटी पाहिजे होती," तो म्हणाला. सहा फुटी टाकी ठेवली तर खाट ठेवायला जागा उरत नव्हती.

ऑस्कर अकरा दिवस टिकले. त्या अकरा दिवसांत माय जितकं बोलली तितकं बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी नोंदवलेल्या कोणत्याही आठवड्यात नव्हतं. कोण कोणाला ढुशी देतो, कोण कोपरा धरतो, ती सगळं सांगायची. मी कामावरून आलो की दिवसभराची हकीकत तयार असायची. शब्द अडायचे, पण वाक्य पूर्ण व्हायचं.

बाराव्या दिवशी मी घरी आलो तेव्हा तिने स्वतःच्या डोळ्याकडे बोट नेलं. एका ऑस्करचा डावा डोळा नव्हता. दुसऱ्याची शेपटी मुळापासून कुरतडलेली होती. मी दोन्ही दुकानात परत नेऊन दिले.

"परक्या गावचे होते," माय म्हणाली. "त्याईले आपली बोली कुठी समजते?" आणि डाव्या बाजूने हसली. नंतर थांबत थांबत म्हणाली, "मरळीसंगं मरळच ठेव. माह्या मडक्यात दहा दहा राहत होत्या. एक दुसरीले शिवत नव्हती. अंधार कर. चारा बंद कर. आपोआप राह्यते."

मी दुकानदाराला फोन करून विचारलं. तो हसला नाही. "साहेब, नका करू. जोडी जमली नसली तर मरळ मरळीले सोडत नाई. ऑस्करपेक्षा खराब होईन."

एका बाजूला त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्या बाजूला मायचं आजारपणानंतरचं सगळ्यात लांब बोलणं होतं. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी ते तिच्याकडून परत वदवून घेतलं आणि मोबाइलवर जपून ठेवलं. मी मावसभावाला तीन मरळी आणायला सांगितलं.

तो एसटीने आला, मडक्याचं तोंड फडक्याने बांधून.

"मावशे, तुहा पोरगा पेपरात वाघाच्या बातम्या लिहिते, अन् घरात मरळीचा पिंजरा मांडला त्यानं," तो म्हणाला. "उद्या तिकीट लावीन हा."

"तुले फुकट," माय म्हणाली.

तिने मडकं खाटेजवळ ठेवायला लावलं. डावा हात आत घातला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. तिन्ही मरळी तिच्या हाताखाली निपचित होत्या. "पाह्य," ती म्हणाली. "गुपचूप हायेत."

चौघी एका मापाच्या होत्या. दगड हलवून आम्ही तिन्ही टाकीत सोडल्या. तिने सांगितलं तसं टाकीवर जाड गोणपाट टाकलं, दिवा बंद ठेवला आणि चारा टाकला नाही. चार दिवस कोणी उघडायचं नाही, असं तिने बजावलं.

पहिल्या दिवशी आतून काचेवर धडका ऐकू आल्या. "जागा करून राह्यल्या," माय म्हणाली. दुसऱ्या दिवशी धडका कमी झाल्या. "जमलं," ती म्हणाली. बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या तेव्हा तिने त्यांना गोणपाटाकडे बोट दाखवून बाजारात मरळ कशी धरायची ते सांगितलं. राख लावून, गालफडाच्या मागून.

तिसऱ्या दिवशी सकाळी वास आला. बायको मायला अंघोळीला घेऊन गेली होती. मी गोणपाट उचललं. पाणी गढूळ लाल होतं. दोन मरळी पोट वर करून तरंगत होत्या. तिसरी तळाशी होती. तिचं पोट फाडलेलं होतं आणि खालच्या जबड्यावर गळाचा तो जुना पांढरा व्रण होता. ती आमची पहिली. चौथी दगडामागे होती, धडधाकट. मी तिघींना काढून वर्तमानपत्रात गुंडाळलं, निम्मं पाणी बदललं, काच पुसली. अंघोळ संपायच्या आत सगळं झालं.

मायला खाटेवर बसवल्यावर तिने टाकीकडे पाहिलं.

"तीन गेल्या," मी म्हणालो. "आपली राहिली."

तिने हात पुढे केला. मी आणि बायकोने तिला धरून टाकीपर्यंत नेलं. तिने काचेला कपाळ टेकवलं. आतली मरळ हवा घ्यायला वर आली आणि खाली गेली. माय ती दुसऱ्यांदा वर येईपर्यंत थांबली.

"ही नोहे," ती म्हणाली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू काऊन खोटं बोलतं?"

तिने खाटेकडे परत न्यायला सांगितलं.

दुपारी मी मावसभावाला फोन केला. मडक्यात दहा मरळी खरंच राहायच्या का, हे विचारलं. राहायच्या, तो म्हणाला. "पण मावशी बाजाराच्या दिवशी सकाळी घ्यायची अन् दुपारपर्यंत कापून द्यायची. तिच्यापाशी शिळी मरळ मी कधी पाह्यली नाई." उपाशी ठेवायची ती पाणी घाण होऊ नये म्हणून. अंधार करायची ती फडकं बांधल्याशिवाय मासा उडी मारतो म्हणून. आणि मडक्यात मासळीला वळायलाही जागा नसते, मग धरायला कोपरा कुठला. मायला मरळींचं एकत्र राहणं ठाऊक होतं, पण त्यातली कोणतीही मरळ एका दिवसापेक्षा जास्त जगलेली नव्हती. हे मी मायला सांगितलं नाही.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी पुढच्या खेपेला टाकीबद्दल विचारलं. माय भिंतीकडे पाहत राहिली. त्या आठवड्यात आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्या वहीत नव्या शब्दांचा रकाना कोरा आहे. सहा महिने पावसाळ्याच्या तोंडावर पूर्ण झाले. त्यानंतर त्या आठवड्यातून एकदा यायला लागल्या.

माय आता पाणी मागते, कूस बदलायला सांगते, हो आणि नाही म्हणते. बायकोशी त्याहून थोडं जास्त बोलते. परवा सकाळी तिने कॅलेंडरकडे हात केला. मी मंगळवार असल्याचं सांगितलं. तिने मान हलवली. मी बूट घालत असताना तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली आणि विचारलं, "आज कोणता वार हाये?"