वाऱ्याची दिशा

आज चहा घेताना खिडकीतून रसायनांच्या कंपन्यांचा तो कुजक्या लसणासारखा वास आला आणि अंबरनाथच्या शाळेतला माझा चौथीचा वर्ग आठवला. ‘वाऱ्याची दिशा कशी ओळखाल?’ असा प्रश्न होता. एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘कंपन्यांचा वास आला की वारा पूर्वेकडून.’ मी लाल फुली मारली. ती वही घेऊन टेबलापाशी आली. “बाई, खरंच येतो. वास आला की मम्मी बोलते, वारा तिकडचा आहे, कपडे आत घे.” मतदारयादीच्या कामासाठी आठवडाभर जिने चढून माझे पाय भरून आले होते, आणि वह्यांचा गठ्ठा तसाच पडला होता. “पुस्तकात आहे तेच लिहायचं,” मी म्हणाले. तिने खोडरबर घासून घासून आपलं उत्तर पुसलं आणि तिथे ‘वातकुक्कुट’ लिहिलं. तो पत्र्याचा कोंबडा तिने काय, मीही उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मी बरोबरची खूण केली. आज वास आला तशी चहा तसाच ठेवून उठले, दोरीवरचे कपडे आत घेतले आणि पूर्वेची खिडकी लावून घेतली. पुस्तक काही उघडावं लागलं नाही.