सखीरच्या माळावर अस्वलांपासून सावध

या सहलीचं मूळ एका फाटक्या पुस्तकात आहे. बहरीनमधल्या सलमानियाच्या इस्पितळात मी लॅब टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा हॉस्टेलच्या कपाटात तळाशी ते सापडलं. पहिली सोळा पानं गायब, त्यामुळे नाव-लेखक काही ठाऊक नाही. विषय मात्र स्पष्ट होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातल्या जंगलात, सरकारी जमिनीवर, जिथे नळ नाही, दिवा नाही, पाटी नाही अशी जागा हुडकून तंबू कसा ठोकावा आणि अस्वलांच्या भीतीने जेवण उंच कसं टांगावं. ही जमीन सगळ्यांची आहे, एक रात्र झोपा आणि सकाळी खूण न ठेवता निघा, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणारी माणसं. त्या वाक्याखाली मी दोनदा रेघ मारली.

बहरीनमध्ये जंगल नाही. पण सखीरचा माळ आहे, आणि थंडीत इथली कुटुंबं तिथे तंबू ठोकून राहतात. परवाना लागतो का म्हणून चार जणांना विचारलं, तर चौघेही म्हणाले, सगळेच जातात. मला एवढं पुरे होतं.

आता खरं कारण. माझे वडील इथे तेरा वर्षं गोड्या पाण्याचा टँकर चालवतात. माझी बी.एस्सी. त्या टँकरवर झाली; आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. मला इथे येऊन दीड वर्ष झालं, पण आमची भेट म्हणजे शुक्रवारी हॉस्टेलच्या फाटकाजवळच्या बाकावर तासभर. त्यातला अर्धा तास बाबा फाटकाच्या बिजागऱ्यांकडे बघत बसायचे. फेब्रुवारीत त्यांचा व्हिसा संपणार होता आणि ते राजापूरला कायमचे परत जाणार होते. त्याआधी या माणसाला एक दिवस तरी निव्वळ पाहुणा करायचं, असं मी ठरवलं. स्टिअरिंग नाही, पाइप नाही, बादली नाही. बसायचं, खायचं, आभाळ बघायचं.

माझी खोलीतली जोडीदारीण फरीदा खेडची, नर्स आहे. तिचा भाऊ अन्वर एका व्यापाऱ्याकडे क्लार्क. त्याच्याकडे शेठची पिकअप होती आणि गुरुवारी दुपारनंतर ती मोकळी असायची. तंबू त्याच्या शेठच्याच गोदामातून आला. निघण्यापूर्वी मी बाबांना नियम सांगितला, "आज तुम्ही काही करायचं नाही. काही सांगायचंही नाही. सगळं मी बघणार."

बाबा म्हणाले, "बरं."

या नियमाचा मला पुढे फार उपयोग झाला.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. सलमानियाहून निघून सनदला थांबा आणि तंदूरच्या रोट्या घ्या; पुढे मनासारखी बेकरी मिळेलच असं नाही. शंभर फिल्सना चौघांचं भागतं. तिथून रिफा, मग अवाली. अवालीपर्यंत डांबर उत्तम आहे. नंतर तेलाच्या पाइपलाइनी रस्त्याच्या कडेने जमिनीवरूनच धावू लागतात आणि एके ठिकाणी तुम्हाला वाटतं, इथेच वळावं. आम्ही वळलो. तासाभराने सौदीला जोडणाऱ्या पुलाचं काम दिसेल अशा कल्पनेने मी पश्चिमेकडे टक लावून होते. दिसली ती धूळ.

पहिली जागा मी पाइपलाइनीच्या आडोशाला निवडली. पुस्तकात आडव्या पडलेल्या ओंडक्याचा आडोसा घ्या असं होतं, आणि पाइप ओंडक्यासारखाच दिसत होता. अन्वर तंबूचा पहिला खुंटा ठोकणार एवढ्यात लांबून एक बलुची चौकीदार सायकल ढकलत आला. तो अतिशय सभ्यपणे हिंदीत म्हणाला की इथे चूल पेटवलीत तर सगळे मिळून वर जाल. मी त्याला सार्वजनिक जमिनीबद्दल थोडं सांगायला गेले. फरीदाने मला दंडाला धरून गाडीत बसवलं.

पुस्तकाचा दुसरा सल्ला होता: वाऱ्यापासून दडलेली खोलगट जागा बघा आणि हिरवळ शोधा, हिरवळ म्हणजे चांगली माती. मी कोकणातली. आमचं घरही टेकडीच्या कुशीत, खाली, झाडीत. म्हणजे पुस्तक आणि माझं गाव यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. अर्ध्या तासात मला तशी जागा दिसलीच. एक मोठा सखल पट्टा, कडेला हिरवट झुडपं, मध्ये सपाट, पांढरट, चकचकीत जमीन.

"तिथे," मी म्हणाले.

बाबा पुढच्या सीटवर, अन्वरच्या शेजारी होते. त्यांनी एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. मग समोर पाहिलं आणि हात मांडीवर नीट जुळवून ठेवले.

पिकअप त्या चकचकीत जमिनीवर वीसएक हात गेली आणि मागून खाली बसली. अन्वरने ॲक्सिलरेटर दाबला तशी आणखी बसली. वरचा मिठाचा पापुद्रा पोह्याच्या पापडासारखा फुटला होता आणि खाली काळा ओला चिखल होता. जानेवारीत, वाळवंटात, आम्ही चिखलात रुतलो होतो.

"खलास," अन्वर म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे शेठ उभा राहिला असणार.

फरीदा म्हणाली, "अगं नले, पुस्तकात बघ, अस्वलं येऊन ढकलतात का."

मी बाबांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच बोललीस, सांगायचं नाय."

यात टोमणा नव्हता. तेरा वर्षं मुकादमाचं ऐकलेल्या माणसाने मुलीचंही ऐकलं होतं.

तासभर आम्ही चटया, पुठ्ठे, शेवटी तंबूची पिशवीसुद्धा चाकांखाली घातली. बाबा नियमाप्रमाणे बाजूला एका दगडावर बसून होते. माणूस इतका अवघडून बसलेला मी दाताच्या डॉक्टरकडेही पाहिला नाही. तेवढ्यात लांबच्या उंचवट्यावरून एक जीप आली. आत पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा आणि त्याचा मुलगा. म्हाताऱ्याने आधी चिखल पाहिला, मग मला, मग दगडावर बसलेल्या बाबांना. आणि त्याचा चेहरा उजळला.

"बरशू!"

बाबांचं नाव परशुराम. इथे सगळे त्यांना बरशू म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. म्हाताऱ्याचं नाव बू खालिद, आणि त्याच्या तंबूला गेली नऊ वर्षं पाणी बाबाच घालत होते. त्याने बाबांचे दोन्ही हात धरले, दोघे अरबीत किती तरी वेळ बोलले. माझे वडील अरबीत विनोद करतात आणि लोक हसतात, हेही मला तेव्हाच कळलं. दोर लावून जीपने आम्हाला ओढून काढलं आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणत सरळ त्यांच्या तंबूकडे नेलं.

फरीदा आणि मी बायकांच्या तंबूत गेलो, पण पडदा वर बांधलेला होता, त्यामुळे पुरुषांची बाजू दिसत होती. बाबांना मानाच्या जागी, लोडाशी टेकवून बसवलं होतं. कॉफी आली, खजूर आले. बू खालिदने हसत विचारलं, "शुगल मफी?" म्हणजे, आज काम नाही?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या अभिमानाने हिंदीत सांगितलं, "आज छुट्टी. आज मेहमान हैं."

बू खालिदने मान हलवली, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो बाबांच्या गुडघ्याकडे बघत होता. गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. बाबांची नजर तंबूबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर होती. तिची तोटी गळत होती. थेंब, मग थेंब.

म्हातारा उठला, जीपमधून एक पाना घेऊन आला आणि बाबांच्या हातात ठेवला. बाबा लोडावरून असे उठले की मला वाटलं यांना कुणी तरी सोडवलं. दोघे टाकीपाशी गेले. बाबांनी तोटी उघडली, म्हाताऱ्याने पाइप दाबून धरला, पाणी उडालं, दोघे भिजले. मुलगा उठू लागला तर बापाने त्याला हातानेच बसवलं.

मी बाहेर गेले. नियम मोडला म्हणून बोलायला गेले होते, हे कबूल करते.

बाबा तोटीला सुतळी गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नले, तू मला बसवलंस त्याचा राग नाय गो. पन घरी गेलो की सगळी बसवतातच. दोन वर्सांनी दोन म्हयने. खुर्ची पुढं, चहा हातात, शेजारी बगायला येतात. तुजी आय मला कोयता लावू देत नाय हाताला." सुतळी संपली, त्यांनी टोक दातांनी तोडलं. "दोन म्हयने निगतात. आता कायमचा चाललोय. कायमचा कसा बसू?"

घरी तेरा वर्षं आम्ही त्यांना पाहुणाच केलं होतं. आणि मी, घरातली पहिली पदवीधर, पाचशे पानी विचार करून, त्यांना भेट म्हणून आणखी एक दिवस तेच देत होते.

"जागा दाखवा मग," मी म्हणाले. "तंबू अजून पिकअपमध्येच आहे."

उजेड अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात बाबा जेवढं बोलले तेवढं आधीच्या दीड वर्षात बोलले नसतील. ते सगळं तुमच्यासाठी इथे देते, कारण फाटक्या पुस्तकापेक्षा हे कामाचं आहे. सखल आणि हिरवं दिसलं की तिथून लांब राहा. खाली खारं पाणी असतं. चालत पुढे व्हा आणि टाच मारा. टाच रुतली तर गाडी रुतणार. हरभऱ्याएवढे खडे असलेली, किंचित चढाची जमीन बघा. जुन्या चुलीची राख दिसली तर तिथे कुणी तरी कोरडं राहिलेलं आहे. शेजारच्या तंबूच्या दारासमोर आपलं दार आणू नका, आणि त्यांच्या बायकांचं बोलणं ऐकू येणार नाही इतकं अंतर ठेवा. खुंटे लोखंडीच घ्या. बायकांनी आडोशासाठी एक चादर आणि चार काठ्या जास्तीच्या न्या. झुडूप मिळेल या भरवशावर राहू नका, मी राहिले होते. जळण घरूनच, पाणी हवं त्याच्या दुप्पट.

तंबू बाबांनीच ठोकला. मी खुंटे धरले आणि एकदा बोटावर हातोडा खाल्ला, तो माझ्याच हातातला होता. जेवायला सनदच्या रोट्या, फरीदाचं सुकटाचं कालवण आणि बू खालिदकडून आलेला भात. उरलेलं कालवण मी पुस्तकाप्रमाणे तंबूच्या बांबूला उंच टांगलं. अस्वल आलं नाही. मात्र सकाळी आमच्या चौघांच्या कपड्यांना, उशांना आणि केसांना सुकटाचा असा वास होता की परतताना अन्वरने थंडीतही काचा उघड्या ठेवल्या. गार वारा नाकातोंडात भरत होता आणि बाबा प्रत्येक वळणावर, इथून टँकर कसा नेतात, ते सांगत होते.

हॉस्टेलवर आल्यावर मी आंघोळीआधी आईला पत्र लिहायला घेतलं. आधीच्या पत्रात मी बजावलं होतं की बाबांसाठी नवी आरामखुर्ची करून घ्या, शिसवीची, पैसे पाठवते. आता लिहिलं, खुर्ची राहू द्या. बाबा आले की त्यांना बसवू नका. काय मोडलंय, काय गळतंय, ते सांगा. आणि शेजारी बघायला आले तर त्यांच्याही हातात काही तरी द्या.

बाबा फेब्रुवारीत गेले. आईचं उत्तर धाकट्या भावाच्या अक्षरात मार्चमध्ये आलं. आईने सांगितलेलं त्याने जसंच्या तसं लिहिलं होतं. तुझे वडील आल्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीत उतरले ते दुपारी जेवायलाच वर आले. अंगभर गाळ. मी ओरडले. ते म्हणाले, नलूने सांगितलंय. तू शिकलेली आहेस, तुला कळत असेल, पण त्यांनी आता माझ्या चुलीचं तोंड दुसऱ्या बाजूला फिरवायला घेतलं आहे. तेवढं नको म्हणून कळव.

मी अजून कळवलेलं नाही.