लाल दे रे राजा

तळहात पुढे करून ती म्हणायची, "लाल दे रे राजा. मले लाल दे." पोरगा हातावर काही ठेवेपर्यंत तिचा हात तसाच आणि श्वासही तसाच. 

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. नागभीडच्या रेल्वे क्वार्टरांत तिचं नि आमचं दार समोरासमोर होतं. आमचे हे तिकीटबाबू. तिचा नवरा सांधेवाला, रुळांचे सांधे बदलायचा, गाडीला झेंडी दाखवायचा. पोरगा अडीच वर्षांचा, गुटगुटीत, बोलायला कंजूष. सकाळची कामं आटोपली की अंगणात सूप मांडून मायलेकांचा खेळ सुरू. सुपात पळसाची फुलं, लिंबाची पानं, पिकलेली नि कच्ची बोरं, एखादं हळकुंड. तुम्ही म्हणाल, काय हौशी आई! मीही तेच म्हणायची.

"अगं, शिकेल हळूहळू. आत्तापासून काय मास्तर करतेस त्याला?" मी चिडवायची.

ती हसली नाही. दाराकडे बघत हळूच म्हणाली, "माह्या बाबाले लाल-हिरवं येकच दिसे, बाई. रेल्वेत लागत होते, डोळ्याच्या तपासनीत काढून टाकलं. डाक्तर म्हने, हे लेकीच्या पोरात उतरू शकते." पदराचं टोक तिने पिळून पिळून दोरीसारखं केलं होतं. "याच्या बापाले सांगू नका. ते आत्ताच याले डायवर बनवून राह्यले."

ते खरंच होतं. अरुंद रुळांवरची छोटी गाडी आली की नवरा पोराला खांद्यावर घेऊन इंजिन दाखवायला न्यायचा. त्या दिवसापासून मलाही घोर लागला. भाजी चिरतानाही माझं लक्ष त्या सुपाकडे.

पोरगा लाल बोर बरोबर द्यायचा. ती खूश होऊन त्याचे मुके घ्यायची. दोन-चार दिवस असे आनंदात गेले. मग एका सकाळी ती धावत आली. "बाई, हा पोरगा बोर दाबून काऊन पाह्यते? नरम लागलं का देते मले!"

तिने जुन्या झेंड्यांच्या चिंध्या काढल्या. एकाच जातीचं कापड, एक लाल, एक हिरवी. दाबा नाहीतर हुंगा, फरक नाही. पोराने हिरवीवर हात ठेवला. तिचा चेहरा पडला. त्याने झटकन लाल उचलली. पुन्हा मांडल्या, पुन्हा तसंच. तो चिंधीकडे बघतच नव्हता. आईच्या तोंडाकडे बघत होता.

तिलाही ते कळलं. ती पोराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसली आणि हात मागे केला. "लाल दे रे राजा."  पोराने गोंधळून माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीही डोळे मिटले. उघडले तेव्हा तिच्या तळहातावर हिरवी चिंधी होती.

"कोन्ती हाय, बाई?"

 तिने वळून पाहिलं. मग पोराला ओढून छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ नुसती डोलत राहिली. लहान आहे अजून, मोठेपणी येईल ओळखता, असं मी म्हटलं खरं, पण माझा माझ्यावरच विश्वास बसत नव्हता.

नवऱ्याला तिने कधीतरी सांगितलं असावं. काही दिवस तो पोराला इंजिनाकडे नेईना. नंतर पुन्हा न्यायला लागला, तसाच खांद्यावर बसवून.

त्यांची बदली झाली तेव्हा आम्ही स्टेशनावर पोचवायला गेलो. ती खिडकीशी, पोरगा मांडीवर. मागच्या डब्यातून गार्डाने झेंडी काढली. पोराने झेंडीकडे पाहिलं आणि लगेच मान वळवून आईच्या तोंडाकडे. मी घाबरले, आता ही हात पुढे करणार.

तिने हात पुढे केला नाही. त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "हिरवी हाय, राजा. गाडी निघाली."