कोरडी झूल

ये, अशी जवळ येऊन बस जरा, पत्रातून का होईना. तुझं नागपूर काय सातासमुद्रापार आहे का बाई? तिथून बसमध्ये बसलं की एक डुलकी लागते न लागते तोच आपलं सौंसर येते. पण तुला सवड नाही. फोन करते, तोबी पोळ्या लाटता लाटता. मोठी बहीण इकडे बोलून राहिली अन् तिकडून नुसतं "हं, हं" अन् लाटण्याची खडखड. परवा त्या खडखडीतूनच विचारलं ना तू, "घोडी विकून टाकली म्हणे?" कोणी सांगितलं तुला? विकून टाकली! असं बोलतात का? मी तेव्हा काही बोलली नाही. बोलली असती तर रडली असती, अन् तू तव्यावरची पोळी सोडून घाबरत बसली असती. म्हणून आता सगळं सावकाश लिहून राहिली. वाचताना तरी पोळ्या नको लाटू.

घोडी ह्यांनी आणली तेव्हा तू इथंच होती, आठवते? पांढरी शुभ्र, नाकावर गुलाबी ठिपका. संत्र्याचा बगीचा दोघा भावांचा, पण ह्यांचं मन बगीच्यात कमी अन् घोडीत जास्त. लग्नसराईत ती वरातीला जायची. बोरगाव, लोधीखेडा, रामाकोना, जिथून बोलावणं येईल तिथं. ह्यांनी तिचं नाव काही ठेवलं नाही. "बाई" म्हणायचे. मलाबी बाई, तिलाबी बाई. मागच्या अंगणातून हाक आली की आम्ही दोघीबी मान वर करत होतो. एकदा मी म्हटलं, एकीचं तरी नाव ठेवा. तर म्हणे, जिला पहिले पाणी पाहिजे ती बाई.

हे गेले अन् घोडी माझ्याकडे राहिली. पण नवरदेवापुढं माझ्यासारखीनं चालायचं नसते, ते तुला सांगायला नको. तोंडावर कोणी म्हणत नाही, कोणीतरी हळूच येऊन हातातून लगाम घेते. म्हणून वरातीला भाऊजी न्यायचे तिला, माझे दीर. मी घरी तिला घासायची, पुसायची, जरीची झूल चढवायची, कपाळावर मोत्यांची जाळी बांधायची अन् फाटकापर्यंत सोबत जायची. तिकडे नवरदेवाची बहीण तिला भिजवलेली चण्याची डाळ चारते, ती रीत झाली की मग नवरदेव बसते. वरात जवळपास असली की मी फाटकात उभी राहून बँड ऐकायची. वळणावर आवाज बारीक झाला की आत यायची. परत आल्यावर झूल काढणारी मात्र मीच. घामानं जड झालेली असायची ती. भिंतीवर वाळत टाकली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर मिठाची पांढरी रेघ उमटायची. तो वास मला चालायचा. ह्यांच्या सदऱ्याला बगीच्यातून आल्यावर तसाच वास यायचा.

मग एका वैशाखात झूल कोरडी आली.

भाऊजी खुश. म्हणाले, एवढ्या उन्हात वरात निघाली, पोरं नाचून नाचून पडायची राहिली, बँडवाल्यांचे सदरे पाठीला चिकटले, अन् ही आपली कोरडी ठणठणीत. बँडवाल्यानं तर मला फाटकातच विचारलं, "काकू, घोडीच्या पोटात कूलर बसवला का तुम्ही?" आपल्याकडे घाम गाळत नाही ते जनावर ताकदीचं समजतात. बाकीच्या घोड्या फेसानं माखून जातात, हिची जात पक्की आहे, असं जो तो म्हणू लागला. मलाबी बरं वाटलं. पुढच्या वरातीहूनही झूल कोरडीच आली, मी घडी करून ठेवून दिली.

अन् एका दुपारी काय झालं, घोडी सावलीत उभी, कामधाम काही नाही, तरी तिच्या कुशी भात्यासारख्या हलून राहिल्या. नाकपुड्या फुललेल्या. मी मानेवर हात ठेवला तर चुलीवरून काढलेल्या तव्यासारखं अंग, अन् कुठं ओलाव्याचं नाव नाही. डोळ्यांभोवतीचे केस झडलेले होते, ते मी तेव्हा पाहिले.

जनावरांचे डॉक्टर पांढुर्ण्याहून आले. मानेजवळ कातडीत बारीक सुई टोचली अन् म्हणाले, इथं आता घाम फुटायला पाहिजे. आम्ही त्या जागेकडे पाहत बसलो. चहा झाला, भाऊजींचा तंबाखू मळून झाला, एक थेंब दिसला नाही. मग डॉक्टरांनी समजावलं की हिचा घामच बंद झाला आहे. आपल्याला उकडलं की अंग भिजते, वारा लागला की गार होते. हिचा उकाडा बाहेर निघतच नाही, आत साचत जाते. कोरडी झूल ताकदीची नव्हती बाई, दुखण्याची होती. पक्कं औषध कोणाकडे नाही म्हणाले. सावली, वारा, पाणी, थोडं मीठ. अन् वरात बंद.

तुला खरं सांगू? त्यानंतरचं वर्ष माझं चांगलं गेलं. गोठ्याची एका बाजूची भिंत काढून टाकली, वर मोठा पंखा लावला. मी तर घरचा कूलरच नेऊन ठेवणार होती, पण डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागेत कूलरची ओल साचते, तिला वारा पाहिजे, ओल नको. सकाळी ऊन चढायच्या आत पाईपनं पाणी घालायचं. नुसतं घालून भागत नाही, अंगावर थांबलेलं पाणी तापते अन् उलट गोधडीसारखं होते. ते लगेच निपटून काढायचं अन् पुन्हा घालायचं. निपटायला मी मोरीतला वायपर घेतला, दांडी तोडून. सर्र, सर्र. शेजारीण भिंतीवरून म्हणायची, काकू, घोडी पुसून राहिल्या की फरशी? मी म्हणायची, तुझी फरशी घेऊन ये, तीबी पुसून देते.

दुपारी पुन्हा पाणी, दिवस कलला की पुन्हा. पिण्याच्या पाण्यात मिठाची चिमूट. फिरवायची ती फक्त पहाटे, फाटकापासून विहिरीपर्यंत. पोराचा इंदूरहून फोन आला की एकच बोलणं, आई, घोडीला आंघोळी घालत किती दिवस बसशीन, इकडे ये. ये म्हणते बिचारा, मनापासून म्हणते. पण तिकडे मी उशिरा उठली काय अन् नाही उठली काय, कोणाचं अडते? इथं एकीचं अडत होतं. मला यायला वेळ झाला तर ती खुरानं बादली वाजवायची.

मग पांढुर्ण्याच्या मावशीची तेरवी आली. तू नाही आली, तुझ्या सासूचं दुखणं होतं, असो. मावशीच्या सुनांनी मला थांबवून घेतलं, अन् घोडी होती भाऊजींच्या हवाली.

आता तू शहरातली झाली, बगीचा विसरली असशीन, म्हणून सांगते. संत्र्याचा मृगबहार धरायचा असला की ऐन उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. ताण देतात झाडाला. पानं मलूल होतात, गळतात, पाहणाऱ्याचा जीव खालीवर होते. अन् मग पाणी मिळालं की तेच झाड फुलानं फुटून निघते. भाऊजींनी जन्मभर हेच केलं. तेव्हाबी बगीचा ताणावरच होता, रोज त्या सुकल्या पानांतून फिरून ते माझ्या गोठ्यात यायचे. त्यांच्या मनानं घेतलं की घोडीचंही असंच असणार. वहिनीनं वर्षभर पाणी ओतून ओतून तिचं अंग आळशी केलं, थोडा ताण दिला अन् मग पाणी दाखवलं की घाम आपोआप फुटेल. मी परत येईन अन् घोडी घामानं चिंब दिसेल, केवढी खुशी होईल मला, असं त्यांच्या मनात होतं.

मी परत आली तर घोडी आडवी पडलेली. भाऊजी तिच्या डोक्याशी बसून आपल्या टोपीनं तिला वारा घालून राहिले होते. पाणी आणलं होतं त्यांनी, पण ती तोंड लावत नव्हती. माझ्याकडे न पाहता ते एवढंच म्हणाले, "वहिनी, झाडाला चालते ना."

मी पिशवी तिथंच टाकली अन् पाईप घेतला. ते बादल्या आणत गेले, मी ओतत गेली, वायपर ओढत गेली. डॉक्टर आले, सलाईनची बाटली पंख्याच्या खांबाला टांगली. दिवस बुडता बुडता तिनं पुढचे पाय रोवले, दोनदा घसरली अन् उभी राहिली. मी तिच्या मानेला धरून होती. कोण कोणाच्या आधारानं उभं होतं, देव जाणे.

डॉक्टर पाण्याची बादली पुढं घेऊन हात धुता धुता म्हणाले, "आजी, या वेळी वाचली. इथला अजून एक उन्हाळा नाही काढणार ही. वर डोंगरात पाठवा, थंडाव्याला. तिकडे काही जनावरांचा घाम परत येते."

"अन् मग खाली आणायची?" मी विचारलं.

ते हात पुसत राहिले. म्हणाले, "पाहू."

भाऊजींचे व्याही तिकडे तामियाच्या डोंगरात राहतात. घरची शेती, मोठं अंगण, मोहाची झाडं. भाऊजींनी त्याच आठवड्यात फोन लावला, ते लोक हो म्हणाले. पण माझंच पाऊल निघेना. श्रावणातला उकाडा तर वैशाखाहून वाईट, घातलेलं पाणी अंगावर वाळतच नाही, तरी मी पंखा अन् वायपर घेऊन तो काढला. म्हटलं, दसरा होऊ दे. मग थंडी पडली अन् घोडी चांगली दिसायला लागली, मी म्हटलं, आता तर बरीच आहे, कशाला घाई. थंडीत बरी दिसणारच होती ती. शिवरात्र झाली, होळीची लाकडं जमू लागली, अन् एका सकाळी पाणी घालायला गेली तर तिच्या कुशी पुन्हा हलून राहिल्या होत्या. मी आत आली अन् भाऊजींना म्हटलं, गाडी बोलवा.

निघायच्या आदल्या दिवशी चण्याची डाळ भिजत घातली होती. ती नवरदेवाच्या बहिणीनं चारायची असते, पण मीबी कोणाची तरी बहीण आहेच, तुझी. माझ्या हातून खाल्ली तिनं सगळी, तळवा चाटून घेतला. भाऊजी म्हणत होते, वहिनी, समोर ड्रायव्हरजवळ बसा. मी मागं तिच्या पायाशी गोणपाट टाकून बसली. सिल्लेवानीचा घाट चढला तशी हवा बदलली. तिनं मान बाहेर काढली अन् नाकपुड्या फुलवल्या, पण या वेळी धापेसाठी नाही, नुसता वास घेऊन राहिली होती. तामियाला पोहोचल्यावर मी तिला उतरवली अन् व्याह्यांच्या अंगणात चालवत नेली. घरची माणसं, पोरं, शेजारीपाजारी दोन्ही बाजूंनी उभे होते. तेवढ्या लोकांत माझ्या हातून कोणी लगाम घेतला नाही.

निघताना मी मागं वळून पाहिलं. ती गवत खाऊन राहिली होती.

मग उन्हाळा लागला. इथं सौंसरला छपराचे पत्रे तापून तडतड वाजू लागले, अन् एक दिवस विहीणबाईंचा फोन आला. म्हणे, "तुमच्या बाईच्या कानामागं आज हाताला ओलं लागलं. मी हात हुंगून पाहिला, घामच आहे." मी म्हटलं, बरं झालं. जेवल्या का, पोरं कशी आहेत, अशा दोन गोष्टी बोलली अन् फोन ठेवला. मग गोठ्यात जाऊन बसली. कारण बाई, मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण माझ्या मनात होतं की तिकडे नाहीच जमलं तर थंडीत परत आणावी लागेल. आता घाम आला म्हटल्यावर ते संपलं. खाली आणली की पुन्हा बंद होणार.

भाऊजी संध्याकाळी आले. घोडी आडवी पडली त्या दिवसापासून ते माझ्यासमोर थोडे दबूनच असतात. म्हणाले, "वहिनी, म्हणाल तर थंडीचे चार महिने आणू तिला इकडे. मी गाडी सांगतो."

"नको भाऊजी," मी म्हटलं. "आलेला घाम राहू द्या तिच्याजवळ."

तर अशी विकली मी घोडी. समजलं?

गोठा झाडते मी रोज. सकाळी हात सवयीनं पंख्याच्या बटणावर जाते, कधी तसाच चालू राहू देते थोडा वेळ. बादली भरून ठेवते, चिमण्या येतात, एक खार येते. वायपर पुन्हा मोरीत गेला, पण दांडीच नाही तर वाकून फरशी पुसावी लागते अन् कंबर धरते. झूल धुतली नाही मी. पेटीत आहे, तिच्यावर जुनी मिठाची रेघ अजून आहे. सकाळ निघून जाते कशीबशी. दुपार जात नाही. पोराला कामाच्या वेळी फोन करवत नाही, शेजारीण झोपलेली असते. तुझा फोन आला तर तुझी ती लाटण्याची खडखडबी गोड लागते, खोटं कशाला बोलू. वर म्हटलं ते मनावर घेऊ नको, लाट तू पोळ्या.

पण ये एकदा. सासूबाईंना दोन दिवस नणंदेकडे ठेव अन् ये. आपण दोघी सकाळच्या बसनं तामियाला जाऊ, घाटात मी तुला खिडकीजवळची जागा देईन. फक्त आदल्या दिवशी सांग, म्हणजे मी डाळ भिजत घालते. तिच्या कानामागं हात लावून पाहू, तू लाव पहिले. अन् मग दोन दिवस राहा इथं माझ्याजवळ. लवकर ये बाई.